हरिहरेश्वरच्या वाळूत लावलेली गाडी

माझं सगळं बदललं ते हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर, दुपारी चारच्या सुमारास, बाळूदादाच्या मोटारसायकलचं पुढचं चाक समुद्रात बुडालेलं दिसलं तेव्हा. तिथवर कसे पोचलो ते आधी सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण गाडीवर कोकणात जायचे बेत करत असतील, निदान रस्ता तरी कळेल. बाकी जे कळायचं ते पुढं आहेच.

लग्नाला सात महिने झाले होते. सविता डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. आम्ही निरगुडसरचे, बागायती. एका वर्गात होतो. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, ती पुरं करून बाहेर पडली, आणि दोन्ही घरांची बरीच बोलणी खाऊन आम्ही लग्न केलं. लग्नानंतर जेजुरी झाली, भीमाशंकर झालं, तिच्या मामाकडं, माझ्या आत्याकडं, सगळीकडं जेवणं झाली. पण नुसतं दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. आणि सविताला समुद्र बघायचा होता.

आमच्या घरात ‘फिरायला जातो’ असं म्हणायची सोय नाही. म्हणून देव शोधला. हरिहरेश्वरला महादेव आहे आणि महादेवाच्या पायाशी समुद्र आहे. अण्णांना, म्हणजे वडलांना, सांगितलं, देवदर्शनाला जातो.

“म्हादेवच बघायचाय तर आपल्या भीमाशंकरानं काय घोडं मारलंय?” अण्णा म्हणाले. “सकाळी गेलं की दुपारच्याला भाकरीला घरी.”

“ते दक्षिणकाशी आहे म्हणतात.”

“म्हणत्यात का. जावा मग.” आणि आत बघून, “सूनबाई, ह्याला पाण्यात जाऊ देऊ नको. ल्हानपणापास्नं कान फुटतोय त्याचा.”

“हो अण्णा,” आतून आवाज आला. त्या ‘हो’त जरा हसू होतं असं मला वाटलं, पण मी लक्ष दिलं नाही.

गाडी चुलतभावाची, बाळूदादाची. त्याने ती टोमॅटोच्या एका चांगल्या हंगामात घेतली होती आणि पोरीसारखी सांभाळली होती. चावी देताना म्हणाला, “हे बघ, ओरखडा आला तरी चालंल, पण खोटं बोलू नको.”

पहाटे पाचला निघालो. मंचर, चाकण, पुणे. पुण्यात उजाडलं. पौड रस्त्याला लागून मुळशीच्या अलीकडं मिसळपाव खाल्ली, दोन चहा, दोघांचे मिळून साठ रुपये. पुढं ताम्हिणी. जाणाऱ्यांनी पेट्रोल पौडलाच भरून घ्या, घाटात काही नाही. रस्ता मधे मधे नुसता खडीचा आहे, पण झाडी अशी की डोक्यावर छत घातल्यासारखी. घाट उतरताना सविताने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि म्हणाली, “संदीप, हळू चालव की रे.” घरात ‘अहो’. मुळशीपर्यंत ‘अहो’. घाट उतरता उतरता ‘अहो’ कुठंतरी पडलं ते परत येताना पौडलाच सापडलं. खरं सांगतो, तेवढ्यासाठी मी पाचशे किलोमीटर जाऊन येईन.

माणगाव, म्हसळा करत साडेबाराला पोचलो. उतरायला एका काकूंचं घर मिळालं. पुढं ओटी, मागं सुपारीची वाडी, एक खोली, जेवणासह दोघांचे दिवसाला चारशे. काकूंनी वही काढली, नाव-गाव लिहिलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “लग्न झालेलं आहे ना हो?”

माझं डोकं फिरलं. “म्हणजे? आम्ही काय पळून आलोय का? नसेल द्यायची खोली तर सरळ सांगा.”

सविताने मंगळसूत्र नुसतं बाहेर काढून पदरावर ठेवलं. “काकू, पाणी मिळेल का प्यायला?”

काकूंनी पाणी आणलं, कोकमाचं सरबत आणलं. मला म्हणाल्या, “तू फार तापतोस रे बाबा. सरबत घे.” मग सविताकडं वळून, “आधी प्रदक्षिणा करून घ्या. आज दशमी, दीडला पूर्ण ओहोटी. प्रदक्षिणेची वाट खडकातनं समुद्राच्या कडेनं जाते, ती ओहोटीलाच करायची. तीनच्या आत वर या.”

“दशमीचा काय संबंध?” सविताने विचारलं.

“तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे संध्याकाळी साडेसातला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. पाण्याचं घड्याळ आहे आमचं.”

सविता बोटांवर मोजत होती. मी चावी फिरवत उभा होतो. काकू म्हणाल्या, “ऐकतोयस ना? पाण्याचा भरवसा धरू नको.” मी म्हणालो, “काकू, आम्ही धरणाच्या मुलखातली माणसं. पाणी काय आम्हाला नवीन आहे?”

आता ही चूक कोकणातलं पोरगं करणार नाही. आमच्याकडं पाणी उतरतं ते उतरतंच. डिंभ्याचं पाणी पावसाळ्यानंतर रोज बोटबोटभर खाली जातं. मोकळ्या झालेल्या गाळात लोक पिकं घेतात, बैलगाड्या सोडतात, ट्रॅक्टर उभे करतात. पाण्याने सोडलेली जागा जूनपर्यंत आपली. मी किनाऱ्यावर गाडी घातली तेव्हा समोर अशीच जागा होती. ओली, कठीण, सपाट वाळू, चाकाचा नुसता ठसा उमटत होता. पाणी लांब. मी सविताला मागं बसवून दोन चकरा मारल्या, ती ओरडत होती, हसत होती. मग पाण्यापासून वीस पावलांवर गाडी डबल स्टँडला लावली.

“वर लावूया का?” ती म्हणाली. “काकू म्हणत होत्या...”

“मला गाडी लावायला शिकवू नको.”

ती गप्प बसली. ती अशी गप्प बसली की मला वाटायचं, पटलं तिला.

देवळात आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, असा क्रम आहे. तिथून पायऱ्या चढून जायचं आणि दोन खडकांच्या फटीतून खाली उतरायचं. ती उतरण बघाच. अंधारी, अरुंद, आणि खाली एकदम समुद्र. खडकाला लाटांनी भोकं पाडलेली, मधाच्या पोळ्यासारखी. ओहोटी असली तरी लाट खालच्या कपारीत शिरायची आणि आतून आवाज यायचा. माझे पाय शेवटच्या पायरीवर थांबले. सविता पुढं गेली, चपला हातात घेऊन, शेवाळ टाळत, शेळीसारखी.

“येतोस ना?”

“बुटाची नाडी सुटलीय.”

नाडी मी चांगली दहा मिनिटं बांधली. मग खडकाला पाठ घासत, समुद्राकडं न बघता, ती अख्खी वाट चाललो. ती मधे मधे थांबत होती. मला वाटलं, देखावा बघतेय.

इथं मला एक सांगायलाच हवं. मला पोहता येत नाही. आमच्या गावात पोहता न येणारा पुरुष म्हणजे सायकल न येणारा पोस्टमन. पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याच्या पाठीला रिकामा कॅन बांधतात आणि विहिरीत ढकलतात. मलाही ढकललं, चुलत्याने. वरून सगळे ओरडत होते, हात मार, पाय मार. आणि कॅनची गाठ सुटली. कॅन वर तरंगत राहिला आणि मी खाली गेलो. किती वेळ ते माहीत नाही. हिरवं पाणी आणि वर एक उजेडाचा गोल, एवढंच आठवतं. बाहेर काढल्यावर कान दुखतो म्हणून रडलो, आणि तो कान मी पुढं चौदा वर्षं फुटका ठेवला. पोरं विहिरीवर निघाली की माझा कान वाहायला लागायचा. रागाचंही तसंच. कोणी फार आग्रह केला की मी भांडण काढायचो. भांडण काढलं की निघून जाता येतं.

वर चढून आलो, शहाळं प्यायलो, सविताने माझ्या आईसाठी कोकमं घेतली. किनाऱ्यावर आलो तेव्हा चार वाजत आले होते, आणि वाळू गेली होती. आमची वीस पावलं, त्यावरच्या चकरांचे ठसे, सगळं गेलं होतं. गाडी पाण्यात उभी होती. पुढचं चाक आसाच्याही वर बुडालेलं, प्रत्येक लाट इंजिनावर येत होती आणि गाडी एका अंगाला कलत चालली होती.

“बाळूदादा मारील,” मी म्हणालो. धावत गेलो, आणि पाणी घोट्याला लागलं तिथं थांबलो. मला पुढं जाता येईना. लाट माघारी फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पायाखालची जमीन निघून जात होती आणि मला ती विहीर दिसत होती.

सविता माझ्या बाजूने पुढं गेली. साडी वर खोचून, पिशवी माझ्या हातात कोंबून, मांडीइतक्या पाण्यात. गाडीला खांदा लावून उभी राहिली. “ये ना! एकटीला ढकलवायची नाही!”

आणि मी काय केलं असेल? मी ओरडलो. “तुझ्यामुळं झालं हे! दोन तास कोकमं घेत बसलीस! तुला समुद्र बघायचा होता ना, बघ आता!” आजूबाजूला माणसं होती. क्रिकेट खेळणारी गावातली पोरं थांबली. मी म्हणालो, “मरू दे ती गाडी. मी चाललो.” आणि वळलो.

मागून तिचा आवाज आला. ओरडली नाही ती. लाटेच्या वर जाईल एवढाच आवाज.

“जा. पण इथं आपटायला दार नाही.”

मी थांबलो.

“घरी भांडलास की दार आपटतोस. कॉलेज सोडलंस तेव्हा सरांच्या खोलीचं दार आपटलंस, काच फुटली. सगळ्यांना सांगतोस, सविताला बोलले म्हणून सोडलं कॉलेज. मला बोलले ते मी गिळलं असतं रे. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात मलाच बसायचं होतं. एकटीला. अख्खं वर्ष.”

लाट आली, तिने गाडी धरली, लाट गेली.

“माझा बाप असाच दार आपटून गेला होता. आईने भाजीत मीठ जास्त टाकलं म्हणून. तीन वर्षांनी आला. दार वाजलं की मला अजून वाटतं, हा गेला. तू बाहेर जाऊन मित्रांबरोबर चहा पितोस, मी आत मिनिटं मोजत बसते. आज बोलले, कारण आज माझे दोन्ही हात गुंतलेत, तोंड दाबता येत नाही. आता जा.”

सात महिने मी समजत होतो की तिला माझी ऐट आवडते.

मला रडायला आलं, आणि रडू दाबायला जे तोंडातून निघालं ते चौदा वर्षांपूर्वी निघायला हवं होतं. “सविता, मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते.”

“माहितेय.”

“कधीपासून?”

“लग्नाआधीपासून. फुटक्या कानाचा माणूस रोज डोक्यावरून तांब्यामागून तांब्या ओततो का? आता नाडीसुद्धा पाहिली मी.” ती हसली, खरंच हसली. तिचा एक हात गाडीच्या हँडलला, दुसरा तिने माझ्याकडं लांब केला. “इथं पाणी मांडीला आहे. मी आहे. एकेक पाऊल टाक. लाट आली की थांब, गेली की चाल.”

नऊ पावलं. मी मोजली आहेत. पाचव्या पावलाला मी डोळे मिटले तर ती म्हणाली, “डोळे उघड, मी काय भूत आहे?” मी कॅरियर धरलं. तेवढ्यात ती क्रिकेटवाली पोरं दोर घेऊन आली. त्यातला एक म्हणाला, “देशावरचे काय? दर सुट्टीत एक तरी गाडी आंघोळीला येतेच.” एरवी मी त्याची कॉलर धरली असती. म्हटलं, “यंदाची ही आमची.” सगळे मिळून ओढली. वर आल्यावर सायलेन्सरमधून पाणी निघालं, आणि एक छोटा खेकडा.

रात्री काकूंनी काही विचारलं नाही. साडी आणि पँट वाळत घातली, गरम भात, वालाचं बिरडं आणि सोलकढी वाढली. फक्त जाता जाता म्हणाल्या, “आजची तिथी पाठ झाली ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टेम्पोत घालून श्रीवर्धनला नेली. खाऱ्या पाण्यात गाडी गेली तर किक मारत बसू नका, हे मिस्त्रीने मला तीनदा सांगितलं, मी तुम्हाला एकदा सांगतो. गोड्या पाण्याने धुवायची, ऑइल बदलायचं, कार्बोरेटर खोलायचा. दुपारपर्यंत काम झालं. तोवर आम्ही श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर होतो. सुरमईचं जेवण ऐंशी रुपये ताट, नक्की खा.

आणि तिथं मी पाण्यात गेलो. कंबरेपर्यंत. सविताने माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, “मागं टेक. खाटेवर टेकतोस तसा.” मी दगडासारखा ताठ. दोनदा नाकात पाणी गेलं, दोनदा मी उठून किनाऱ्याकडं निघालो, आणि दोन्ही वेळा परत आलो. तिसऱ्यांदा कान पाण्याखाली गेले. सगळा आवाज बंद झाला, नुसतं आकाश. चार-पाच श्वास. तिने हात काढला होता की नाही ते मी अजून विचारलेलं नाही.

किनाऱ्यावर बसल्यावर ती म्हणाली, “मला पण एक शिकायचंय. भीती वाटली की त्याच वेळी बोलायचं. नंतर नाही.”

“मग मी चिडलो तर?”

“चिड की. चिडायला कुठं नको म्हणतेय. बसून चिड.”

तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत. पौडला ती म्हणाली, “अहो, चहा घेऊया?” आणि आम्ही दोघंही हसलो.

घरी पोचलो तेव्हा अण्णा आणि बाळूदादा पडवीतून आत येऊन बसले. मी गाडी पुसली होती, पण मीठ लपत नाही. बाळूदादाने चाकाच्या तारांवर बोट फिरवलेलं असणार, आत आला तो बोट चाटतच. “खारट लागतंय,” म्हणाला. “काय रं?”

“कॉलेज बुडवलं,” अण्णा म्हणाले, “आता गाडी बुडवून आला. ह्याच्या हातात देऊ नको म्हणत व्हतो मी.”

हात आपोआप दाराकडं गेला. सविता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताटं घेऊन उभी होती, आणि तिचे खांदे वर गेलेले मला दिसले. थोडेसेच, कानाकडं. सात महिने रोज दिसत असणार ते.

मी खाली बसलो. म्हणालो, “वाळूत मी लावली. हिने वर लाव म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिथं गेलेलं पाणी सहा तासांनी परत येतं. हिने पाण्यात शिरून गाडी धरली, मी शिरलो नाही. मला पोहता येत नाही. दादा, मिस्त्रीचे पैसे मी दिलेत, पुढं काही निघालं तर तेही देईन.”

सविताने ताटं खाली ठेवली.

“आन कान?” अण्णांनी विचारलं.

“कानाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं.”

बाळूदादा हसायला लागला, मांडीवर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “चौदा वर्सं! मी ह्याच्यासाठी कानाचं तेल आणलं व्हतं आळेफाट्यावरनं!”

अण्णा हसले नाहीत. स्वतःच्या हातांकडं बघत होते. मग म्हणाले, “त्या दिवशी कॅनची गाठ मीच बांधली व्हती. लई दिस झोप न्हवती मला. तू पाण्याचं नाव काढीत न्हवता, ते बरंच वाटायचं.” आणि उठून माळ्यावर हात घातला. जळमटं झटकून एक रिकामा कॅन खाली काढला, फुंकर मारली, माझ्यापुढं धरला. “धर. ह्या बारीला गाठ तिला बांधू दे.”

या प्रवासातून घरात काय राहिलं, तर कोकमं संपली, गाडीच्या तारांना थोडा गंज राहिला, काकूंचं तिथीचं गणित सविताने भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, जिथं समुद्र दोनशे किलोमीटर लांब आहे. आणि रोज संध्याकाळी पाचला मी अख्ख्या आळीतून पाठीवर कॅन घेऊन विहिरीकडं जातो. बायका दारात येऊन बघतात. पोरं विचारतात, “भाऊ, कान कसा हाय?”

त्या पहिल्या संध्याकाळी सविता दोर खांद्यावर टाकून आधीच अंगणात उतरली होती, माझ्याकडं पाठ करून. मी कॅन उचलला, बाहेर आलो, आणि दार ओढून घेतलं. कडी हाताने बसवली. तिने वळून बघितलं नाही, आणि तिचे खांदे जिथल्या तिथं होते.